एसी चालतोय पण खोली गार होत नाही? ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी हे तपासा

एसीचा गारवा कमी झाला की घरोघरी एकच निदान होतं: गॅस संपला. बोलावलेला मेकॅनिकही बऱ्याचदा सिलिंडर खांद्यावर घेऊनच येतो. पण एसीतला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळत नाही की खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तो फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. गळती नसेल तर दहा वर्षांनीही तो तेवढाच असतो. म्हणजे गॅस खरोखर कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि ती जागा न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

शिवाय गारवा कमी होण्याची कितीतरी कारणं गॅसची नसतातच. ती हवेची असतात, विजेची असतात, कधी नुसती रिमोटची किंवा खोलीची असतात. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला हवा आणि गॅस त्यात शेवटी यायला हवा. इथे भिंतीवरचा १.५ टनाचा स्प्लिट एसी धरला आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक बेडरूममध्ये तोच असतो. विंडो एसीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी मोजा

‘गार लागत नाही’ हे मोजमाप नव्हे. बारीक दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या, स्वयंपाकघरातला चालेल. दारं-खिडक्या बंद करा, एसी कूल मोडवर, तापमान १८, पंखा सर्वात जोरात, आणि २० मिनिटं चालू द्या. इन्व्हर्टर एसीला, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या एसीला, पूर्ण वेग घ्यायला एवढा वेळ द्यावाच लागतो. मग थर्मामीटर आधी इनडोअर युनिटच्या वर, हवा आत ओढली जाते तिथे धरा आणि आकडा लिहून घ्या. नंतर खालच्या पट्ट्यांच्या आत, हवा बाहेर पडते तिथे धरा. फिरत्या ब्लोअरला दांडी लागणार नाही एवढी काळजी घ्या. लाल ठिपक्याची इन्फ्रारेड गन इथे उपयोगाची नाही. ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही.

दोन आकड्यांतला फरक साधारण ८ ते १२ अंश आला तर यंत्र आपलं काम करतंय. फरक ५-६ अंशांच्या खाली असेल तर बिघाड यंत्रात आहे. आणि फरक १५-१६ अंश येतोय पण हवेचा झोतच मरतुकडा आहे, तर हवा अडली आहे. कमी हवा थंड कॉइलवर (आतल्या नळ्या आणि पत्र्यांच्या जाळीवर) जास्त वेळ रेंगाळते म्हणून ती खूप गार होऊन बाहेर पडते, पण तेवढ्याशा हवेने खोली भरत नाही. या एका मोजणीने पुढची अर्धी वणवण वाचते.

हा फरक मात्र गावागणिक बदलतो, आणि ही गोष्ट मेकॅनिक फारशी सांगत नाहीत. १.५ टन म्हणजे सुमारे ५.३ किलोवॅट थंडावा. यातला काही भाग हवा गार करण्यात जातो, काही भाग हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात. १ लिटर पाणी जमवायला साधारण ०.६८ किलोवॅट-तास एवढा थंडावा लागतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे-जूनमध्ये ड्रेन पाइपमधून तासाला २ लिटर पाणी येत असेल, तर एसीची पाव ताकद नुसतं पाणी काढण्यात गेली. तिथे फरक ८ अंश दिसला तरी यंत्र ठणठणीत असू शकतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात तोच एसी १२-१४ अंशांचा फरक दाखवायला हवा.

ड्रेन पाइपचंही तसंच. कोकणपट्टीत अर्धा तास चालूनही थेंब पडत नसेल तर शंका घ्यावी: कॉइल पुरेशी थंड होत नसेल, नाहीतर ड्रेन तुंबला असेल. विदर्भात मे महिन्यात पाइप कोरडा राहिला तर त्यात वावगं काही नाही.

रिमोट

कन्व्हर्टिबल एसींनी एक नवी तक्रार जन्माला घातली आहे. ४०, ६०, ८० टक्के असे पर्याय असतात आणि कुणी तरी वीज वाचवायला ४० टक्क्यांवर ठेवलेलं असतं. १.५ टनाचा एसी तेव्हा जेमतेम ०.६ टनाचं काम करतो. इको, ड्राय आणि स्लीप मोडही बघा. ड्राय मोडमध्ये पंखा मुद्दाम मंद ठेवलेला असतो. स्लीप मोड तासा-तासाने तापमान वर सरकवतो, त्यामुळे ‘पहाटे उकडायला लागतं’ या तक्रारीचं उत्तर अनेकदा तिथेच सापडतं.

काही रिमोटमध्येच तापमान मोजणारा सेन्सर असतो, ‘आय फील’ किंवा ‘फॉलो मी’ अशा नावाने. तो चालू असताना रिमोट एसीच्या झोतात पडला असेल तर एसीला वाटतं खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटमधला, गॅस दाबून फिरवणारा पंप) मंदावतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी मुळातच २४ अंशांवर सेट होऊन येतात. एसी रीसेट झाला की तो त्याच आकड्यावर परत येऊ शकतो, तेही एकदा पाहून घ्या.

हवा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

फिल्टर धुतला की काम झालं असा समज आहे. फिल्टर ही फक्त पहिली चाळणी. उन्हाळ्यात तो दर १५ दिवसांनी साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा, ओला बसवू नये. रस्त्यालगतचं घर, घरात कुत्रा-मांजर किंवा शेजारी बांधकाम असेल तर आठवड्याने. पण जाळीतून सुटलेली बारीक धूळ ओल्या कॉइलवर बसते आणि तिथे तिचा लेप होतो. टॉर्च मारून फिल्टरच्या मागे बघा. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधून आरपार फटी दिसायला हव्यात. करडा गालिचा दिसला तर धुणं आलंच.

त्याहूनही दुर्लक्षित भाग म्हणजे ब्लोअर, खालच्या तोंडातून दिसणारा लांबट फिरता रूळ. त्याची पाती वक्र असतात आणि हवा फेकण्याचं काम त्या वक्राचं असतं. खोलगट भागात धूळ आणि बुरशी भरली की पाती सपाट झाल्यागत होतात. रूळ त्याच वेगाने फिरतो, आवाजही तसाच येतो, पण हवा निम्मी होते. फिल्टर चकाचक, कॉइल बरी, तरी झोत कमी, तर गुन्हेगार बहुधा हाच. सर्व्हिसिंगवाल्याने नुसता वरून जेट मारला तर ब्लोअर साफ होत नाही. पुढचं कव्हर उतरवून, पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डची) बाजू प्लास्टिकने झाकून, खाली पिशवी बांधून रूळ हाताने फिरवत धुवावा लागतो. धुतलेल्या पाण्याचा रंग बघा. काळं पाणी येत असेल तर ते स्वच्छ येईपर्यंत काम थांबवू देऊ नका.

हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो. बर्फाने फटी बंद होतात, हवा आणखी कमी होते, बर्फ आणखी वाढतो. रात्री सुरुवातीला गार आणि दोन-तीन तासांनी नुसताच वारा, सकाळी एसीतून पाण्याची धार, ही याची खूण. अशा वेळी एसी बंद करून फक्त फॅन मोडवर तासभर चालवा आणि बर्फ वितळू द्या. चाकू-स्क्रूड्रायव्हरने खरवडायला जाऊ नका, कॉइल फुटली की खर्च कैक पटींनी वाढतो. बर्फ कमी गॅसमुळेही धरतो, म्हणून सफाईनंतर परत धरला तरच गॅसकडे वळायचं.

आणि पीओपी. सजावटीसाठी एसीच्या डोक्यावर पीओपीची पट्टी उतरवतात, किंवा लाकडी चौकटीत एसी बसवून पुढे जाळी लावतात. स्प्लिट एसी हवा वरून ओढतो. वर किमान १५ सेंटीमीटर मोकळी जागा नसेल तर बाहेर पडलेली गार हवाच फिरून परत आत ओढली जाते. मग सेन्सरला वाटतं खोली गार झाली. पलंगावर झोपलेला माणूस मात्र घामाघूम.

बाहेरचं युनिट

खोलीतून उचललेली उष्णता शेवटी आउटडोअर युनिटमधून बाहेर पडते. तिथे अडथळा आला तर आत कितीही सफाई करा, उपयोग नाही. एसी सुरू करून थांबा. कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला साधारण ३ मिनिटं मुद्दाम घेतो, त्याला बिघाड समजू नका. मग खिडकीतून बघा. पंखा फिरतोय का, आणि त्यातून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम आहे का? पंखा फिरतोय आणि हवा गरम नाही, याचा अर्थ कॉम्प्रेसर काम करत नाही किंवा गॅस फारच कमी आहे. हवा अंगावर घेववत नाही इतकी गरम असेल तर कॉइल तुंबली आहे.

शहरांत इमारतीच्या डक्टमध्ये एकावर एक दहा-पंधरा आउटडोअर टांगलेले असतात. खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याचा एसी तीच ओढतो. बाहेर ३४ अंश असताना त्या युनिटला मात्र ४५ अंशांची हवा मिळते. एसीची टन क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, त्यावर तापमान जाईल तशी ती घटते आणि वीज जास्त लागते. यावर गॅस हा उपाय नाही. युनिट मोकळ्या भिंतीवर हलवणं हाच उपाय आहे. मागे निदान १५ सेंटीमीटर आणि पुढे निदान ६० ते १०० सेंटीमीटर जागा हवी. पावसासाठी केलेलं पत्र्याचं छप्पर तोंडावर उतरत असेल तर ते कापा. कबुतरांसाठी लावलेली बारीक जाळी पिसांनी आणि धुळीने भरते, ती मोठ्या छिद्रांची असावी.

आउटडोअर धुताना आधी एमसीबी बंद. पाण्याचा जोर बेताचा ठेवावा आणि धार पत्र्यांच्या रेषेत सरळ मारावी. तिरकी मारली तर पत्रे दुमडतात आणि फटी कायमच्या बुजतात. शक्य असेल तर आतून बाहेर, म्हणजे धूळ आली त्याच्या उलट दिशेने. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा पत्र्यांचा भुगा करते. बोट लावल्यावर पत्रे चुरा होऊन पडत असतील तर धुण्याने काही होणार नाही, कॉइलच बदलावी लागेल.

छज्जावर उतरून हे करू नका. तिसऱ्या मजल्यावरचं युनिट धुणं हे पट्टा बांधून काम करणाऱ्या माणसाचं काम आहे. त्याने पट्टा आणला नसेल तर त्यालाही उतरू देऊ नका.

यंत्र ठीक, पण खोली जड

फरक १० अंश येतोय, झोत जोरात आहे, तरी खोली २८ च्या खाली येत नाही. मग एसीला दोष देण्यात अर्थ नाही. वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. १२ बाय १२ च्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला १ टन पुरतो. तीच खोली गच्चीखाली, पश्चिमेच्या खिडकीची असेल तर १.५ टनही कुरकुरतो. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली, या दोन गोष्टी मोठा एसी घेण्याआधी कराव्यात. पडदा आतून लावल्याने तेवढा फायदा होत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं.

बाथरूमचा किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन चालू राहिला तर तो गार हवा बाहेर फेकतो आणि दाराच्या फटीतून गरम हवा आत ओढतो. विदर्भ-मराठवाड्यात आणखी एक प्रकार दिसतो: हॉलमध्ये कूलर आणि बेडरूममध्ये एसी, मधलं दार उघडं. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो. दोन्ही चालवायचे असतील तर मधलं दार घट्ट बंद हवं.

वीज

इथून पुढचं काम हात सरावलेल्या माणसाचं. घरच्यांनी ते समजून घ्यावं, पण कव्हर उघडू नये. कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) मेन बंद केल्यावरही चार्ज उरतो, आणि इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी करंट काही मिनिटं तसाच राहतो.

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत सर्वात जास्त मरणारा भाग म्हणजे कॉम्प्रेसरला चालायला मदत करणारा रन कपॅसिटर. १.५ टनाला तो साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा असतो. लक्षण ठरलेलं: कॉम्प्रेसर काही सेकंद घुमतो, टक् आवाज करून बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. मीटरवर मोजलेला आकडा छापलेल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घटलेला असेल तर कपॅसिटर बदलावा. ४५ चा ३६ दाखवत असेल तर तो गेलाच. भाग स्वस्त आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. तरी ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगून हजारोंचा खर्च माथी मारला जातो, म्हणून कॉम्प्रेसर बदलण्याआधी कपॅसिटर समोर मोजून दाखवायला सांगाच.

व्होल्टेजही बघा. एसी सुरू असताना सॉकेटवर मोजा, बंद असताना नाही. बंद असताना २२५ आणि कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर १९० होत असतील तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. १.५ टनाला एमसीबीपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घालावी. प्लग तपकिरी पडला असेल, हाताला गरम लागत असेल तर सॉकेट आजच बदला, गारव्याची गोष्ट नंतर. पाली आणि मुंग्या आउटडोअरच्या पीसीबीवर आणि कॉन्टॅक्टरवर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चढून ते जाळतात. केबल आत जाते ते छिद्र बंद करून घेतलं की हा त्रास बराच टळतो.

तापमान सेन्सर आपल्या क्लिपमधून सुटून कॉइलला चिकटला तरी एसी वेळेआधी थांबतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच गारवा कमी झाला असेल तर पहिली शंका याचीच घ्या.

आता गॅस

एवढं सगळं तपासून झालं आणि फरक अजूनही ४-५ अंशच आहे, तर गॅसकडे या. आउटडोअरला जोडलेल्या दोन नळ्या बघा: दोन सुताची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बारीक आणि चार सुताची जाड, जुन्या आर-२२ गॅसच्या एसीत पाच सुताची. बारीक नळीच्या नटवर पांढरं दव-बर्फ आणि जाड नळी जेमतेम गार, ही कमी गॅसची ओळखीची खूण. जाड नळीवरही बर्फ चढत आला असेल तर आधी आतली हवा पुन्हा तपासा.

प्रेशर गेज आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) लावून पक्कं होतं. प्रेशर कमी आणि अँपिअरही कमी, तर गॅस कमी. प्रेशर जास्त आणि अँपिअर जास्त, तर बाहेरची कॉइल तुंबलेली किंवा गॅस जादा भरलेला. कॉइल साधारण ५ अंशांवर काम करत असताना सक्शनचं, म्हणजे जाड नळीतलं प्रेशर आर-३२ आणि आर-४१०ए गॅसला १२० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास, आर-२२ ला ७० च्या आसपास असतं. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरच्या वेगानुसार हा आकडा हलतो, म्हणून टेस्ट मोडमध्ये ठेवूनच वाचावा. आणि बंद एसीवर गेज लावून ‘बघा, २६० आहे, फुल आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नळ्यांत थोडासा द्रव गॅस उरला असेल तोवर ३० अंशांना बंद आर-३२ एसीचं प्रेशर तेवढंच दिसतं, आत ८०० ग्रॅम असो की ३००.

गळती बहुतेक वेळा फ्लेअर नटवर, म्हणजे नळ्या युनिटला जोडणाऱ्या नटवर असते. तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. साबणाच्या पाण्याचा फेस लावून बुडबुडे बघायचे. तिथे नसेल तर नायट्रोजन भरून प्रेशर ठेवायचं आणि कॉइल पारखायची. खाडी-नाल्याजवळच्या वस्तीत हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडतं आणि इनडोअर कॉइलला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. अशा कॉइलला एका जागी ब्रेझिंग केलं, म्हणजे ज्योतीने सांधलं, तरी दुसरीकडे फुटते, ती बदलणंच बरं.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्युम पंप लागायलाच हवा, किमान १५-२० मिनिटं, गेजवर ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्युम मोजण्याचं एकक), आणि पंप बंद केल्यावर आकडा टिकतो का हे बघायचं. थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणणं म्हणजे बाष्प आत ठेवणं. ते तेलात मिसळून आम्ल तयार करतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खातं.

गॅस वजनावर भरायचा, प्रेशरवर नाही. किती ग्रॅम हवा ते आउटडोअरच्या प्लेटवर छापलेलं असतं. नळी कंपनीने सांगितलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेप्रमाणे दर मीटरला थोडे ग्रॅम वाढवायचे. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण, ते सिलिंडर उलटा करून द्रवरूपात भरावं लागतं. आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे आणि काही एसींमधला आर-२९० म्हणजे प्रोपेन तर पुरता ज्वालाग्राही. त्यामुळे नळ्यांत गॅस असताना ब्रेझिंगची टॉर्च पेटवायची नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. प्लेटवर जो गॅस लिहिला आहे त्याऐवजी दुसरा भरू देऊ नका.

काम संपल्यावर बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: गळती कुठे सापडली, किती ग्रॅम गॅस भरला, आणि काम झाल्यावर आत-बाहेरच्या हवेत किती अंशांचा फरक आला. वजनकाटा न आणता गॅस भरणाऱ्याला यातली दुसरी गोष्ट लिहिता येणार नाही.